न्यूयॉर्कच्या विमानापूर्वीचे सिंगापूर

सोमवार

सिंगापूरहून न्यूयॉर्कला थेट जाणारे विमान हे आमच्या प्रवासाच्या वेळी जगातील सर्वांत लांब पल्ल्याचे नियमित प्रवासी उड्डाण होते. दोन्ही विमानतळांमधले सरळ अंतर १५,३०० किलोमीटरांहून अधिक आहे आणि वेळ लागतो जवळजवळ १९ तास. माझ्या मुलीचा पदवीदान समारंभ न्यूयॉर्कला होता. ताई काही महिन्यांपासून सिंगापूरला आपल्या मुलाकडे राहत होती, त्यामुळे मी तिच्याकडे जावे आणि तिथून आम्ही दोघींनी एकत्र पुढे जावे, असे ठरले. तिकिटे काढली त्या दिवसापासून मला त्या एकोणीस तासांची धास्ती होती. उंचीची भीती मला कधीच वाटली नाही. समुद्रावरच्या एवढ्या लांबच्या वाटेत मनात आले तरी कुठे उतरता येणार नाही, ही जाणीव मात्र मला सहन होत नव्हती.

भाच्याने यावर आपल्या परीने उपाय योजला होता. मुंबईहून साडेपाच तासांचा प्रवास करून मी सकाळी चांगी विमानतळावर उतरले, तेव्हा त्याच्या हातात आमच्या पुढच्या दिवसांच्या जेवणांची यादी होती. "मावशी, सगळ्यात भारी जेवणं आधी आणि हलकी शेवटी, असा क्रम लावलाय," तो म्हणाला. या क्रमामागचे कारण मला बुधवारी कळले. घड्याळ अडीच तास पुढे करून मी दुपारभर झोपले.

संध्याकाळी आम्ही ईस्ट कोस्टच्या समुद्रकाठी चिली क्रॅब खायला गेलो. हा पदार्थ सिंगापूरचा राष्ट्रीय पदार्थ मानला जातो, तरी त्याला अजून शंभर वर्षेही झालेली नाहीत. १९५०च्या दशकात चेर याम तियान या गृहिणीने नेहमीच्या वाफवलेल्या खेकड्यांना पर्याय म्हणून टोमॅटो आणि मिरचीच्या रसात खेकडे परतले, आणि ते आवडू लागल्यावर कल्लांग नदीच्या काठी हातगाडीवर विकायला सुरुवात केली. आज त्याच रश्शासाठी लोक वजनावर भाव ठरवून एकेक किलोचा खेकडा मागवतात. नावावरून वाटतो तितका तो तिखट नसतो. रस्सा आंबटगोड असतो, शेवटी त्यात अंडे फेटून सोडल्यामुळे दाट होतो आणि कवचाच्या प्रत्येक फटीत जाऊन बसतो. सोबत तळलेले छोटे मांतोऊ पाव येतात, बाहेरून कुरकुरीत आणि आतून मऊ. माझ्या मते ते पावच या जेवणाचा खरा आधार आहेत, कारण खेकडा संपल्यानंतरही ताटात जो रस्सा उरतो तो टाकून देणे हा अन्नाचा अपमान ठरेल. नांगी फोडायला अडकित्ता देतात, तरी ताईने लहानपणापासूनच्या सवयीने दातांचाच उपयोग केला.

त्या किनाऱ्यावरून समुद्रात नांगरलेल्या जहाजांचे दिवे दिसतात आणि त्यांच्या वरून चांगीकडे उतरणारी विमाने एकामागून एक जात असतात. प्रत्येक विमान डोक्यावरून गेले की माझा हात थांबत होता. ताईच्या ते लक्षात आले. "आज विमानाचं नाव काढायचं नाही. रस्सा गार झाला की त्याची सगळी मजा जाते, तू आधी खाऊन घे," असे म्हणून तिने सर्वांत मोठी नांगी माझ्या ताटात ठेवली, आणि त्यानंतर मी समुद्राकडे पाठ करून बसले.

मंगळवार

सकाळची न्याहारी घराजवळच्या कोपीतियामात, म्हणजे जुन्या पद्धतीच्या कॉफीच्या दुकानात झाली. काया टोस्ट, अर्धवट उकडलेली दोन अंडी आणि कोपी, ही इथली ठरलेली न्याहारी आहे. काया म्हणजे नारळाचे दूध, अंडी आणि साखर मंद आचेवर घोटून, त्यात पांदानच्या पानांचा वास उतरवून केलेला मुरंबा. घोटताना उठणारा त्याचा दरवळ मला थेट आमच्या आईच्या नारळीपाकाच्या कढईपाशी घेऊन गेला. कुरकुरीत भाजलेल्या पावाच्या दोन कापांमध्ये काया पसरून त्यावर थंड लोण्याचा जाड तुकडा ठेवतात, आणि तो वितळायच्या आत खायचा असतो. अंड्यांवर काळा सोया सॉस आणि पांढरी मिरपूड घालून ती बशीतूनच प्यायची असतात. कोपीसाठीच्या बिया साखर आणि मार्गरीन घालून भाजतात, त्यामुळे तिला करपल्यासारखा एक गडद वास असतो. मग ती कापडाच्या लांब पिशवीतून गाळतात. नुसते कोपी म्हटले की आटवलेले गोड दूध घालून मिळते, कोपी-ओ म्हटले की दुधाशिवाय आणि साखर घालून, आणि शेवटी कोसोंग जोडले की साखरही नाही. ताई काउंटरवर सराईतपणे कोपी-सी कोसोंग मागते, म्हणजे आटवलेल्या बिनसाखरेच्या दुधाची कॉफी. तिच्या वयाच्या बाईने परक्या शहराची बोली इतक्या लवकर उचलली, याचे मला फार कौतुक वाटले.

उरलेला सगळा दिवस आम्ही पूर्वेकडच्या काटोंग आणि जू चियात या भागांत घालवला. हा पेरानाकान लोकांचा जुना परिसर आहे. मलाक्का, पेनांग आणि सिंगापूर इथे शतकांपूर्वी येऊन स्थायिक झालेल्या चिनी व्यापाऱ्यांनी स्थानिक स्त्रियांशी विवाह केले, त्यांचे हे वंशज. या समाजातल्या पुरुषांना बाबा आणि स्त्रियांना न्योन्या म्हणतात. स्वयंपाक घडवला तो न्योन्यांनी, चिनी घरातल्या पद्धतीला मलय वाटणांची जोड देऊन. कून सेंग रस्त्यावरच्या त्यांच्या घरांच्या दर्शनी भिंती गुलाबी, हिरव्या आणि निळ्या रंगांच्या आहेत, आणि दाराभोवती फुलापानांच्या उठावदार फरशा बसवलेल्या आहेत.

दुपारी काटोंगची लाक्सा खाल्ली. नारळाच्या दुधातला, सुक्या कोळंबीने दाट झालेला रस्सा आणि त्यात तांदळाच्या जाड शेवया असतात. इथे त्या शेवया आधीच आखूड कापलेल्या असल्यामुळे काड्यांची गरज पडत नाही, एका चमच्यात सगळे येते. त्यानंतर पाऊस कोसळला आणि एका मिठाईच्या दुकानात थांबून आम्ही ओंदे-ओंदे खाल्ले. तांदळाच्या पिठाच्या या हिरव्या गोळ्यांना बाहेरून ओले खोबरे लावलेले असते. तो पूर्ण तोंडात टाकून ओठ मिटल्याशिवाय चावू नये, कारण आतला ताडगुळाचा पाक जोरात बाहेर येतो.

मात्र या सर्व प्रवासातले जे जेवण माझ्या मनात सर्वांत खोल उतरले, ते त्या संध्याकाळचे. भाच्याने एका पेरानाकान उपाहारगृहात आधीच टेबल राखून ठेवले होते आणि तिथला मुख्य पदार्थ होता आयाम बुआह केलुआक, म्हणजे केलुआकच्या बियांसह शिजवलेली कोंबडी. केलुआक हे केपायांग नावाच्या झाडाचे बी आहे. ते कच्चे असताना विषारी असते, कारण त्यात हायड्रोजन सायनाइड तयार होते. ते खाण्याजोगे करण्यासाठी बिया आधी उकळतात, मग राख आणि केळीची पाने यांच्यात गुंडाळून सुमारे ४० दिवस जमिनीत पुरून ठेवतात. या काळात आतला पांढरट गर आंबत काळा होतो आणि विष निघून जाते. स्वयंपाकघरात आल्यावरही त्या कित्येक दिवस पाणी बदलत भिजवाव्या लागतात, टणक कवच घासून स्वच्छ करावे लागते आणि तोंडाशी छोटे भोक पाडावे लागते. काही घरांत गर बाहेर काढून कोळंबी किंवा खिम्यासोबत वाटतात आणि परत कवचात भरतात. मग हळद, गवती चहाच्या दांड्या, गलांगल हा आल्यासारखा कंद, मिरच्या आणि कँडलनट नावाचा तेलकट दाणा यांच्या वाटणात, चिंचेच्या कोळात हे सगळे शिजते.

टेबलावर आलेल्या वाडग्यात काळ्या कवचाच्या चार-पाच बिया होत्या आणि सोबत एक निमुळता चमचा. तो भोकात घालून मी गर काढला आणि भातात कालवला. काळाभोर, तेलकट, किंचित कडू, पावसात भिजलेल्या मातीच्या गंधाचा आणि गिळल्यानंतर बराच वेळ जिभेवर रेंगाळणारा असा तो गर होता. पहिल्या घासाला मी बिचकले, आणि तिसऱ्या घासापासून बाकी सगळे पदार्थ माझ्यासाठी बाजूला पडले. ताईला मात्र तो फारसा रुचला नाही, तिने कोंबडी आणि चिंचेचा रस्सा पसंत केला आणि आपल्या वाट्याच्या बिया मला दिल्या.

जेवताना माझ्या मनात जे आले ते मी त्या दोघांना बोलून दाखवले. हे बी कोणी उकळले, कोणी पुरले, किती दिवसांनी काढले, भिजवताना पाणी वेळच्या वेळी बदलले की नाही, यातले काहीच मला माहीत नव्हते. तरीही मी ते निर्धास्तपणे खात होते, कारण पिढ्यान्‌पिढ्या काटेकोरपणे पाळलेल्या एका रीतीवर आणि ती पाळणाऱ्या अनोळखी हातांवर माझा विश्वास होता. मग असाच विश्वास विमान तपासणाऱ्या, भरणाऱ्या आणि चालवणाऱ्या हातांवर मला का ठेवता येत नव्हता? भाचा म्हणाला, "मावशी, फरक एवढाच की बी तुझ्या हातात आहे आणि विमान नाही." ते खरे होते. त्या उत्तराने भीती गेली नाही, पण तिचे नेमके स्वरूप मला प्रथमच स्पष्ट दिसले.

बुधवार

रात्री उशिराच्या विमानाचा हा दिवस. सकाळी बॅगा भरताना भाच्याने जेवणांच्या क्रमाचे कारण सांगितले. उड्डाणात केबिनमधला हवेचा दाब जमिनीवरच्याइतका ठेवत नाहीत. आम्ही जाणार होतो त्या एअरबस ए-३५० विमानात तो सुमारे सहा हजार फूट उंचीवरच्या डोंगरावर असावा तेवढा असतो. दाब उतरला की पोटातला वायू फुगतो, आणि या हिशेबाने तो सुमारे पाव पटीने वाढतो. म्हणून उड्डाणाच्या दिवशी डाळी, कोबी, तळलेले पदार्थ आणि फसफसणारी पेये टाळावीत. ज्याला मुळातच विमानात अस्वस्थ वाटते त्याला पोटातली ही ओढ भीतीसारखीच भासते, आणि मला तर आजवर या दोन्हींत फरक करता आला नव्हता.

दुपारी आम्ही चायनाटाउनजवळच्या मॅक्सवेल फूड सेंटरमध्ये गेलो. सिंगापूरमधले फेरीवाले एकेकाळी रस्त्यांवर हातगाड्या लावत. सरकारने १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांची नोंदणी केली आणि पुढच्या सुमारे दोन दशकांत त्यांना पाणी, वीज आणि गटारांची सोय असलेल्या छपराखाली आणले. अशी शंभरहून अधिक केंद्रे आज शहरात आहेत आणि २०२०मध्ये या फेरीवाला संस्कृतीचा युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश झाला. महागड्या उपाहारगृहापेक्षा मला हीच जागा अधिक आवडली. कचेरीतले साहेब, शाळकरी मुले आणि काठी टेकत आलेल्या आजी इथे एकाच टेबलाला बसतात. टेबलावर कागदी रुमालांचे पाकीट ठेवले की ती जागा राखली गेली, हा संकेत सगळे पाळतात.

आम्ही हैनानी चिकन राइस घेतला. कोंबडी उकळी फुटू न देता मंद आचेवर पाण्यात शिजवून लगेच बर्फाच्या पाण्यात बुडवतात, त्यामुळे कातडी घट्ट आणि तुळतुळीत होते व मांस ओलसर राहते. ताटात ती अगदी फिकी दिसते. चव असते ती भातात, कारण तो कोंबडीच्या चरबीवर आले-लसूण परतून, तिच्याच शिजवण्याच्या पाण्यात आणि पांदानच्या पानांसोबत शिजवलेला असतो. सोबत मिरचीची आंबट चटणी, वाटलेले आले आणि दाट काळा सोया सॉस मिळतो. मसाल्याचा भडिमार न करता इतकी तृप्ती देणारे ताट मी क्वचितच पाहिले आहे. ताईने जेवण झाल्यावर ट्रे उचलून ठरलेल्या जागी नेऊन ठेवला. २०२१पासून इथे तसा नियमच आहे.

संध्याकाळी लवकरच चांगीला पोहोचलो आणि ज्वेलमध्ये बसलो. मोशे साफदी यांनी रचलेली ही काचेच्या घुमटाची इमारत २०१९मध्ये उघडली, आणि तिच्या छतातून ४० मीटर उंचीचा धबधबा खाली कोसळतो. तिथे मी फक्त भाताची पातळ पेज घेतली. भाच्याचा निरोप घेऊन आत गेलो तेव्हा माझे तळहात ओले झाले होते.

या मार्गासाठी खास तयार केलेल्या ए-३५०-९०० यूएलआर, म्हणजे अतिदीर्घ पल्ल्याच्या, विमानात साधी इकॉनॉमी नसते. एकूण आसने फक्त १६१ असतात, ६७ बिझनेसची आणि ९४ प्रीमियम इकॉनॉमीची. एवढ्या अंतराचे इंधन न्यायचे म्हणजे माणसे आणि सामान कमी ठेवावेच लागते. इंधनाची क्षमता १,६५,००० लिटर आहे आणि उड्डाणाच्या वेळी विमानाचे वजन जास्तीत जास्त २८० टन असू शकते. शेपटीकडच्या आसनांना हेलकावे अधिक बसतात, म्हणून आम्ही आमच्या भागातली शक्य तितकी पुढची रांग घेतली होती. धावपट्टीवर विमान बराच वेळ धावत राहिले. ताईने माझा हात धरला आणि चाके सुटेपर्यंत ती काहीच बोलली नाही. शहराचे दिवे आणि नांगरलेली जहाजे मागे पडली.

गुरुवार

पहिले जेवण आले तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. त्यातली कढी आम्हा दोघींनाही अळणी लागली, आणि त्यात स्वयंपाक्याचा काही दोष नव्हता. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत विमानासारख्या दाबाच्या आणि कोरड्या हवेत केलेल्या चव-प्रयोगांत मीठ आणि साखर या दोन्हींची जाणीव मंदावते, असे दिसून आले आहे. नाक कोरडे पडले की गंधही कळत नाही. टोमॅटोचा रस मात्र तिथे जमिनीपेक्षा चांगला लागतो. मी तो मागवून घेतला आणि खरोखरच तो चवदार लागला. मंगळवारी संध्याकाळी केलुआक पोटभर खाऊन घेतले याचे त्या वेळी मला मोठे समाधान वाटले.

त्यानंतर पॅसिफिकवर कुठेतरी हादरे सुरू झाले. पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या उंचावरच्या जोरदार वाऱ्यांचा लाभ घेत हे विमान जाते, आणि त्या वाऱ्यांच्या कडेला हवा अस्थिर असते. मे २०२४मध्ये लंडनहून सिंगापूरला येणारे एक विमान इरावतीच्या खोऱ्यावर असताना काही क्षणांत जोराने खाली गेले, त्यात एका प्रवाशाचा मृत्यू झाला आणि अनेक जण जखमी झाले, हे मला आठवत राहिले. त्या घटनेत बहुतेक इजा पट्टा न बांधलेल्यांना झाल्या होत्या, म्हणून मी तो झोपेतही सोडला नाही. हादरे बसत असताना मी मनातल्या मनात त्या बियांचे सगळे टप्पे क्रमाने म्हणत राहिले. उकळणे, राखेत पुरणे, भिजवणे, घासणे, भोक पाडणे. प्रत्येक टप्पा सावकाश म्हटला तर वेळ जातो. पट्ट्याचा दिवा विझला तेव्हा ताई शांत झोपली होती आणि माझा श्वास जागेवर आला होता.

अधूनमधून आम्ही उठून मागच्या मोकळ्या जागेपर्यंत चालत होतो, पायांच्या पोटऱ्या ताणत होतो आणि तहान नसली तरी पाणी पीत होतो. इतका वेळ एका जागी बसून राहिल्यास पायांतल्या शिरांमध्ये रक्त गोठण्याचा धोका असतो, आणि ताईच्या वयाला तो अधिक.

मग खिडकीच्या फटीतून गुरुवारची पहाट दिसली. लख्ख दिवस झाला, काही तासांनी आम्ही आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली आणि पुन्हा बुधवार झाला. तो बुधवार उत्तरेकडच्या आकाशात मावळला, छोटी रात्र झाली, आणि न्यूयॉर्कवर उतरताना गुरुवार पुन्हा उजाडत होता. ताईने दोन्ही सूर्योदय जागेपणी पाहिले आणि मुलीला सांगायचे म्हणून दोन्हींच्या वेळा वहीत टिपून ठेवल्या.

चाके टेकल्यावर माझे खांदे इतका वेळ किती आखडलेले होते ते मला कळले. भीती अखेरपर्यंत होती, फक्त शेवटच्या काही तासांत तिच्यासोबत मला वाचता आले आणि थोडी झोपही घेता आली. परतीचे तिकीट याच मार्गाचे आहे. सिंगापूरला उतरल्यावर तशीच मुंबईकडे न जाता मी एक रात्र भाच्याकडे राहणार आहे, कारण लाउ पा सात या जुन्या मंडईबाहेरचा बून टाट रस्ता संध्याकाळी वाहनांसाठी बंद करून तिथे कोळशावर साते, म्हणजे काडीला लावलेले मांसाचे तुकडे, भाजतात, आणि ते खायचे या वेळी राहून गेले.